तीजेची लवकी

ती लवकी मी दिली होती. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला शोधत बसायला नको.

पुण्या-मुंबईकडे जिला दुधी म्हणतात, ती आमच्या गोंदियाकडच्या आमगावात लवकी. माझ्या खोलीच्या मागे, उकिरड्याला लागून, तिचा एक वेल आपला आपणच उगवला. मी बी टाकलं नव्हतं, पाणी घातलं नव्हतं. रोज सकाळी दात घासताना त्याच्याकडे कौतुकाने बघत होतो, तेवढेच माझे कष्ट. तेवढ्यावर वेलाला पाच लवक्या धरल्या. वीस वर्षं मी शाळेत पोरांना परागीभवन शिकवतो, पण आपल्या दारात फळ लटकलेलं बघितलं की मास्तरही हुरळतो. मी पाचही लवक्या गल्लीत वाटून टाकल्या. माझ्या दिलदारपणाची चर्चा झाली. खरी गोष्ट एवढीच, की मी लवकी खात नाही.

सगळ्यात मोठी, गुळगुळीत पोपटी लवकी मी घरमालकीणबाईंना दिली. फुलवंताबाईंना.

त्यांनी ती तळहातावर तोलली, कुशीत नख रुतवून बघितलं. नख लोण्यात जावं तसं गेलं.

"कवरी हाये बाप्पा! गुरुजी, तुमी तं शेतकरी झाले. उद्या यायच्या रसाले होते हे."

लवकी कडू होती. आणि उद्या तीज होती.

फुलवंताबाईंची ओळख करून द्यायची तर आधी त्यांच्या नवऱ्याच्या दातांपासून सुरुवात करावी लागते. उदेभानभाऊ इथल्या एका राइस मिलमध्ये छत्तीस वर्षं मिस्त्री होते. धानाची गाडी आली की मालक ओलावा मोजायचं यंत्र बाजूला सारायचा आणि ओरडायचा, "उदेभानले बोलवा!" उदेभानभाऊ पोत्यातून चार दाणे उचलत, दाताखाली धरत. दाणा कट्ट वाजला तर धान वाळलेलं. नुसताच दबला तर ओलं, गाडी परत. त्या दातांचा शब्द मिलमध्ये कुणी खाली पडू देत नसे.

दोन गाड्यांच्या मधल्या वेळात मात्र त्याच दातांखाली खर्रा असे. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटलेला, दिवसाला सहा पुड्या. आमच्या भागात माणूस पाहुण्याला पाणी द्यायला विसरेल, खर्रा द्यायला विसरणार नाही. तोंड एकदम बंद नाही झालं. आधी पाणीपुरी जाईना, तेव्हा सगळे हसले. मग भाताचा घास लहान झाला. मग चमचा आडवा जाईना, तेव्हा हसणं थांबलं. गालात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, विजेचे तेहतीस शेक झाले. जीव वाचला. तोंड एक बोटही जाणार नाही एवढंच उघडं राहिलं, आणि जिभेची चव साफ उडाली. गूळ दिला तरी म्हणत "माती", मीठ दिलं तरी "माती".

डॉक्टरने सांगितलं, पातळ द्या, पण ताकदीचं द्या. नागपूरला दुकानात कामाला असलेल्या लेकीने, प्राचीने, मिक्सर आणून दिला. डाव्या बाजूचा एक दात काढून डॉक्टरने नळीला वाट करून दिलीच होती. तेव्हापासून सकाळी सहाला भिंतीपलीकडून मिक्सरची घरघर आली की मी उठायचो. गजराचं घड्याळ मी त्या वर्षी विकत घेतलंच नाही.

फुलवंताबाई शाळेत चौथीपर्यंतच गेल्या, पण रसाच्या बाबतीत त्या माझ्या मुख्याध्यापकांपेक्षा कडक होत्या. गाजर साल काढून, टमाटर बिया काढून, आवळा असला तर एकच. बीट अर्धंच, कारण पहिल्या दिवशी अख्खं घातलं होतं आणि मोरीत लाल बघून उदेभानभाऊंनी लेकीला फोन लावायला सांगितला होता. बुधवारी लवकी, थोडं सफरचंद, पुदिन्याची चार पानं. मिक्सरमधून निघालेला रस जुन्या पातळाच्या तिहेरी फडक्यातून गाळायचा. एक धागा, एक साल घशात अडकली तर माणूस खोकणार, आणि त्या तोंडातून खोकलासुद्धा धड बाहेर पडत नसे. ग्लास भरला की आधी एक घोट त्या स्वतः घेत, मग नळी घालून नवऱ्याच्या हातात देत.

शेजारच्या रुख्माने हे बघितलं तेव्हा तिने दारातूनच टोमणा मारला. "काहो बाई, नवऱ्याले उष्टं पाजून राहिल्या?"

"त्यायची जीब गेली, माही उरली," फुलवंताबाई म्हणाल्या. "एका घरात एक जीब पुरते."

आणि घोटाच्या आधीही एक चाखणं होतं. लवकी असो, काकडी असो, देठाकडची चकती कापायची, जिभेच्या टोकाला लावायची, मगच पुढचं. "चाखल्याबिगर चुलीवर नाही," ही सासूची शिकवण. या भागातली कुठलीही बाई हे करते, विचार न करता करते. आपण जसे गाडीत बसताना खिसा चाचपतो, तसं.

आता तीजेची गोष्ट. पुण्या-मुंबईकडे ती हरतालिका. रुख्मा मूळची डोंगरगढकडची, छत्तीसगढी. तिच्या माहेरी तीजेच्या आदल्या रात्री बायका कारल्याची भाजी नि भात खातात, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या निर्जळी उपासाला तहान कमी लागते म्हणे. आठ वर्षांपासून रुख्मा वाटीभर कारलं फुलवंताबाईंकडे पाठवायची. त्या रात्रीही पाठवलं. त्यांनी ते भातासोबत खाल्लं, चूळ भरली, आणि मग दुसऱ्या दिवशीची रात्र सरेपर्यंत पाण्याचा थेंब नाही, चूळ नाही, जिभेवर काही म्हणजे काही नाही. उपास नवऱ्याच्या आयुष्यासाठी. लग्नापासून चाळीस तीजा झाल्या होत्या, एकही मोडली नव्हती. उदेभानभाऊ शेकातून जिवंत आले ते याच पुण्याईने, असं रुख्मा सांगायची, आणि फुलवंताबाई नाही म्हणायच्या नाहीत.

सकाळी सहाला लाइन गेलेली होती. फुलवंताबाईंनी मिक्सर बाजूला सारला, किसणी घेतली. लवकी धुतली, देठाकडची चकती कापली, सवयीने तोंडाकडे नेली, आणि हात तिथेच थांबला.

तीज.

पुढचं सगळं त्यांनी मला फार उशिराने सांगितलं. चकती बोटांत धरून त्या किती तरी वेळ बसल्या होत्या. ज्याच्यासाठी उपास, त्याच्याच रसासाठी तो मोडायचा कसा? रुख्माला हाक मारावी, तर तिचाही उपास. गल्लीत लवकी ओळखणाऱ्या जेवढ्या जिभा होत्या, त्या सगळ्या त्या दिवशी मिटलेल्या. भिंतीपलीकडे एक जीभ मोकळी होती, माझी. ती घोरत होती. पण गुरुजींनी एवढ्या प्रेमाने दिलेली लवकी, ती गुरुजींनाच उठवून 'आधी तुमी चाखा' कसं म्हणायचं? माणसाला काय वाटेल? त्यांनी चकती ताटलीच्या काठावर ठेवून दिली आणि किसायला घेतलं.

कीस फडक्यात घेऊन पिळताना एक थेंब उडून त्यांच्या ओठावर पडला. ओठ कडू झाला. त्यांना वाटलं, रात्रीचं कारलं अजून तोंडात आहे. चूळ भरता येत नव्हती. त्यांनी पदराने ओठ पुसला.

मग सफरचंद किसून पिळलं, पुदिना चुरडला, चिमूटभर सेंधा मीठ. ग्लास, नळी. नवऱ्याच्या पायांना हात लावून ग्लास त्याच्या हातात दिला. उदेभानभाऊंनी सगळा रस ओढला, तळाशी नळी सुर्रकन वाजेपर्यंत. त्यांना ती लवकीही माती, सफरचंदही माती.

अर्ध्या तासाने भिंतीवर थाप पडली. मी उठून धावलो तेव्हा मी बनियनवर होतो, हे मला दवाखान्यात समजलं.

ज्या तोंडात बोट जात नाही, त्या तोंडातून उलटी कशी बाहेर यावी? ती त्या काढलेल्या दाताच्या फटीतून येत होती, नाकातून येत होती, आणि मधेच अडत होती. उदेभानभाऊंचे डोळे मोठे झाले होते. फुलवंताबाईंनी त्यांना कुशीवर वळवून डोकं आपल्या मांडीवर खाली झुकतं धरलं होतं आणि बोटाला फडकं गुंडाळून फट मोकळी करत होत्या. रसाचंच फडकं. त्याच्यावर लाल दिसलं तेव्हा मी म्हणालो, "बीट असेल." त्या म्हणाल्या, "आज बीट नोयतं."

रुख्माने गल्लीतल्या सेवकरामचा ऑटो दारात आणला. आम्ही तिघांनी उचललं. सेवकराम एरवी रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला नावानिशी शिव्या देणारा. त्या दिवशी त्याने प्रत्येक खड्डा वळसा घालून चुकवला.

तिथल्या तरुण डॉक्टरने सलाइन लावली, नाडी धरली आणि विचारलं, "सुबह से क्या दिया इनको?"

"लवकीचा रस."

"कडवी थी क्या? चाखून पाहिली होती?"

डॉक्टरने वर बघितलं. साठीची बाई, हातावर ताजी मेंदी, सुकून पांढरे पडलेले ओठ. तो गोंदियाचाच असावा, त्याने तीज ओळखली. त्याने पुन्हा विचारलं नाही.

फुलवंताबाईंनी पदराची गाठ सोडली. त्यात ती देठाकडची चकती होती. धावपळीत त्यांनी ती कधी बांधून घेतली, त्यांनाही सांगता आलं नाही. मी ती घेतली आणि जिभेला लावली. सांगायला लाज वाटते, पण माझ्या वेलाची चव मी पहिल्यांदा तिथे घेतली. कडुलिंब परवडला. डोळ्यांत पाणी आलं, मी खिडकीतून थुंकलो आणि थुंकतच राहिलो.

फुलवंताबाई माझं तोंड बघत होत्या.

"मंग ते कारलं नोयतं," त्या म्हणाल्या.

तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

दाब उतरत होता, म्हणून गोंदियाला हलवलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की या कडूपणावर उतारा असा काही नसतो; सलाइन, औषधं, आणि शरीर झुंजतं का ते बघायचं. उद्या सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही. दुपार झाली. बाकावर बसलेल्या फुलवंताबाईंसमोर मी पाण्याची बाटली धरली.

"घ्या दोन घोट. चक्कर येऊन पडाल. देवही समजून घेतो अशा वेळी."

"आता मोडू?" त्या म्हणाल्या. "मोडाचं होतं ते सकारी, गुरुजी. तवा नाही मोडला."

मी बाटली परत झाकली. मीही प्यालो नाही. त्याला उपास म्हणत नाहीत, पण घशाखाली काही उतरत नव्हतं. संध्याकाळी नागपूरहून प्राची आली. आईला काही विचारायच्या ऐवजी तिने नुसता तिच्या डोक्यावरून हात फिरवला. फुलवंताबाईंनी तो हात झटकला. "मले नोको करू. बापापासी बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी उदेभानभाऊंचा दाब सावरला. डोळे उघडून त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर बायकोकडे बघून एक बोट वर केलं. म्हणजे काय ते आम्हाला कुणालाच कळेना. शेवटी त्यांनी मिटल्या दातांतून शब्द ढकलले, "पानी पे." फुलवंताबाई वॉर्डाच्या नळावर गेल्या आणि ओंजळीने पाणी प्यायल्या. तीज सुटली.

चौथ्या दिवशी आम्ही आमगावला परतलो. माझ्या ओट्यावर एक लवकी फेकलेली होती, बाजूला रुख्मा कमरेवर हात ठेवून उभी.

"घ्या तुमची लवकी! पारन्याच्या दिवशी चाखली तं दिवसभर तोंड कडू. पाची घरच्या कडू. एक तुमी खाल्ली असती तं समजलं नसतं काय?"

मी विळा घेऊन मागे गेलो. वेल मुळापासून कापला, जाळला, तरी समाधान होईना म्हणून उकिरडाही हलवला.

पण उकिरडा हलवून जे सुटण्यासारखं होतं, ते फार थोडं होतं. सकाळची घरघर थांबली होती. फुलवंताबाईंनी मिक्सर फडक्यात बांधून फळीवर ठेवून दिला. उदेभानभाऊंना त्या दुकानातला डबाबंद रस आणून द्यायला लागल्या, साखरेचं पाणी नुसतं. "त्याच्यावर छापून रायते का काय हाये ते," म्हणाल्या. पेज करायच्या, तीही रुख्माकडून चाखून आणायच्या. स्वतःच्या जिभेवर त्यांचा भरवसा उरला नव्हता. दीड महिन्यात उदेभानभाऊंच्या गळ्याची हाडं वर आली. डॉक्टर रागावले. प्राची फोनवर रडली. मी एकदा "तुमची काय चूक त्यात, लवकी माझी" असं सुरू केलं, तेव्हा त्यांनी मला तो ओठावरचा थेंब सांगितला. पहिल्यांदाच.

"मले समजलं होतं, गुरुजी. जिबेनं सांगितलं होतं. मी पुसून टाकलं."

वीस वर्षं शिकवतो, पण यावरचा धडा पुस्तकात नाही.

उत्तर दिलं ते उदेभानभाऊंनी. दिवाळीच्या आधीची सकाळ. ते ओट्यावर बसले होते, मी माझ्या पायरीवर वर्तमानपत्र वाचत होतो, आणि फुलवंताबाई डब्याचं झाकण उघडून नळी आत घालत होत्या. उदेभानभाऊंनी डबा हाताने दूर सारला. मग बोलायला लागले. तेवढं बोलायला त्यांना पाव तास लागला असेल. दातांतून एकेक शब्द चाळणीतून तांदूळ पडावा तसा पडत होता.

मिलमध्ये एका साली त्यांची दाढ दुखत होती. धानाची गाडी आली. मालकाने विचारलं, कसं आहे? त्यांनी दाणा दाताखाली धरलाच नाही, नुसता हातात चोळला आणि सांगितलं, सुकं आहे. सत्तर पोती आतून तापली, काळी पडली, फेकावी लागली. ते तोंड लपवून घरी बसले. तिसऱ्या दिवशी मालक स्वतः दारात आला.

"काय म्हने मालक?" फुलवंताबाईंनी विचारलं. त्यांना गोष्ट ठाऊक असणार, तरी विचारलं.

उदेभानभाऊंनी श्वास घेतला. "म्हने... गाडी उभी हाये. चल. चाख."

आणि त्यांनी फळीकडे बोट दाखवलं.

फुलवंताबाईंनी डब्याचं झाकण परत लावलं. मग उठल्या, स्टूल ओढलं, मिक्सर खाली काढला, फडकं सोडलं. त्या दिवशी गाजराचा रस झाला, नुसता गाजराचा. गाजर कधी कुणाला बाधल्याचं ऐकिवात नाही, तरी त्यांनी ते तीनदा चाखलं. चमचाभर मांजरालाही दिलं. मांजर निघून गेलं, पण ते गाजरामुळे.

हळूहळू टमाटर आलं, बीट आलं, अर्धंच. लवकी मात्र आली ती थेट उन्हाळ्यात, तीही बाजारातून, ओळखीच्या बाईकडून, तिलाच तिथे बसून चकती खायला लावून. गळ्याची हाडं पुन्हा थोडी बुजली. मी अजूनही घड्याळ घेतलं नाही.

मग पुन्हा भादवा आला. तीज जवळ आली तशी गल्लीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे यंदा त्यांनी उपास धरू नये. कुणी म्हणे धरला नाही तर आणखी वाईट. प्राचीने फोनवर सांगितलं, "आई, त्या दिवशी रस नको करू, दूध दे." रुख्मा म्हणाली, "देवाले विचारा." फुलवंताबाई सगळ्यांचं ऐकून गाजरं सोलत राहिल्या. आदल्या रात्री रुख्माचं कारलं आलं, तेव्हा मी दारातच होतो. त्यांनी वाटीकडे बघितलं आणि तशीच परत पाठवली. नुसता भात खाल्ला आणि मेंदी भिजवायला घेतली. म्हणजे उपास होता.

आणि सकाळी रस होणार का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. झोपही धड लागली नाही. डोळ्यांसमोर तोच ग्लास, तीच तळाशी सुर्र वाजणारी नळी. पहाटे कधी तरी डोळा लागला असावा.

सहाला दारावर थाप पडली. भिंतीवर नाही, दारावर. मी धोतर सावरत धावलो. दार उघडलं तर समोर फुलवंताबाई. हातावर मेंदी, ओठ सुकलेले, हातात स्टीलची ताटली. ताटलीत देठाकडून कापलेल्या लवकीची पांढरी चकती, शेजारी सफरचंदाची फोड, पुदिन्याचं एक पान. मागे ओट्यावर उदेभानभाऊ रिकामा ग्लास आणि नळी घेऊन बसलेले, गाडीची वाट बघणाऱ्या उतारूसारखे.

मी ताटलीकडे बघितलं. गेल्या वर्षीचा तो कडूपणा आठवून जीभ आपोआप मागे सरली.

"अहो फुलवंताबाई," मी म्हणालो, "मी लवकीला हात लावत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. एवढ्या सकाळी, चूळसुद्धा भरली नाही मी अजून, आणि मलाच का?"

"उपास माहा हाये, तुमचा नाही, चाखा."